साताला टाळी

हातावरची हळद झटकायला ती एकच टाळी वाजवायची आणि म्हणायची, "हं, पुढं." भाकरी करपो, कुणाशी वाजो, वखारीचा मुकादम ओरडून जावो, तिची टाळी आणि "हं, पुढं" ठरलेलं. झालेल्या गोष्टीवर बसून राहणं तिला जमायचं नाही. तुमच्याही पाहण्यात अशी एखादी बाई असेल. आपण अजून पदर सावरत असतो, तोवर ती रस्त्याच्या पलीकडे पोचलेली असते.

सांगलीत आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून होत्या. ती मूळची साताऱ्याकडची, औंधाजवळच्या एका गावची. तिचा नवरा फौजेत हवालदार होता. लढाई झाली, पुढे दुष्काळ सरला, आणि तो पेन्शन घेऊन आला तेव्हा नोकरी लागेल म्हणून दोघं सांगलीत येऊन राहिली. आम्ही दोघी हळदीच्या वखारीत निवडायला जायचो. मध्ये हळदीचा ढीग, भोवती बायका गोल बसलेल्या. लांब हळकुंडं एकीकडे, गोल गड्डे दुसरीकडे. सगळ्या तिला आक्का म्हणायच्या. मी फारशी बोलत नसे, म्हणून मला ती मुकी म्हणायची. "ए मुके, सर तिकडं" हे तिचं लाडाचं बोलणं.

हवालदार माणूस वाईट नव्हता. कपड्यांना इस्त्री, मिशीला तेल, आणि तोंडात सदा एकच, "रूल म्हंजे रूल." नळावर बायकांची भांडणं लागली की हा येऊन घागरींची रांग लावायचा. पण सकाळची घागरींची रांग लावून झाली की दिवसभर करायला काही नाही. फौजेच्या कँटीनमधली रम मात्र मिळायची, आणि पलटणीतून तो एक खेळ घेऊन आला होता.

रविवारी दुपारी त्यांच्या दारापुढच्या पत्र्याखाली घोंगडं पसरायचं. हवालदार, शेजारचा सुतार आणि माझे मालक. मालक म्हणजे माझे यजमान, एसटीवर ड्रायव्हर होते. कधी आणखी एखादा यायचा. गोल बसायचं, प्रत्येकापुढे भरलेला पेला. एकाने एक म्हणायचं, शेजाऱ्याने दोन, त्याच्या शेजाऱ्याने तीन. सात आला की आकडा तोंडाने म्हणायचा नाही, टाळी वाजवायची. ज्या आकड्यात सात आहे त्यालाही टाळी, साताच्या पाढ्यात येतो त्यालाही टाळी. टाळी वाजली की खेळ उलटा फिरायचा, म्हणजे टाळीच्या आधी ज्याने आकडा म्हटला त्याच्यावरच पुन्हा पाळी. जो चुकला किंवा थबकला, त्याने पेला एका दमात रिकामा करायचा आणि डावातून बाहेर व्हायचं. शेवटी जो उरेल त्याने पुढच्या डावासाठी एक हुकूम द्यायचा, आणि तो सगळ्यांनी मानायचा. डावा हात वापरा, टोपी उलटी घाला, चुकलात तर गाढवासारखं ओरडा, असे ते हुकूम. एका रविवारी सुतार तीन डाव गाढवासारखा ओरडला आणि परटाचं खरं गाढव त्याला ओ देत राहिलं. हसून हसून आम्हा बायकांच्याही डोळ्यांत पाणी आलं. खेळ मजेचा होता, हे मी नाकारणार नाही.

हा खेळ आला कुठून, ते हवालदार दर वेळी वेगळं सांगायचा. कधी म्हणे गोऱ्या साहेबांनी मेसमध्ये मागे ठेवला. कधी म्हणे पंजाबी जवानांनी काढला. सुतार म्हणायचा, "हॅ, आमी ल्हानपनी गुरं राखताना ह्योच खेळायचो." एकदा हवालदाराने सांगितलं की बर्फातल्या एका चौकीवर हा निघाला. थंडीने हात गोठू नयेत म्हणून मधे मधे टाळी.

आक्का दारात जोंधळे पाखडत होती. ती म्हणाली, "आन् हितं सांगलीच्या उनात कुनाचं हात गोठल्यात?"

सगळे हसले. तिने सूप खाली ठेवलं. "आवं, पर बर्फात रम म्हंजे दवाच की. दवा काय चुकलेल्याला जादा देत्यात व्हय?"

हवालदार मिशीतल्या मिशीत हसला. "न्हाई गं. तितं उलटं हुतं. जो चुकंल त्याचा पेला दुसऱ्याला जायाचा. हितं रम हाय भरपूर, म्हनून आमी चुकलेल्यालाच पाजतो."

 आक्का सूप उचलून आत गेली.

पुढच्याच आठवड्यात साखर कारखान्यावर वॉचमनच्या जागेसाठी हवालदाराला सोमवारी सकाळी बोलावणं होतं. ओळखीच्या एका माणसाने शब्द टाकला होता. आक्काने आदल्या दिवशी त्याची खाकी धुऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. पण रविवारचा खेळ झाला आणि सोमवारी तो उठलाच नाही. तिने हलवलं, पाणी मारलं. तो म्हणाला, "उद्या जातो." मंगळवारी जागा भरली होती. असं होण्याची ही दुसरी वेळ होती.

 त्या दिवशी वखारीत ती एक गड्डा टोपलीत टाकत मला म्हणाली, "बंदुकीम्होरनं माघारी आला मानूस. घरच्या घोंगड्यावर न्हाई जाऊ द्यायची मी त्याला." टाळी वाजली. "हं, पुढं. मुके, तू चौथी शिकलीस न्हवं? साताचा पाढा म्हन."

मी म्हटला. ती कधी शाळेत गेली नव्हती. आकडे तिला येत होते, पाढा नव्हता. मी सात एके सात म्हणायची, ती मागून म्हणायची, आणि हात हळदीत चालूच. पाढा बसला तसं तिने ढिगाभोवतीच्या सगळ्या बायकांना खेळायला लावलं. रम कुठून आणणार? चुकेल तिने माठातलं तांब्याभर पाणी एका दमात प्यायचं. उन्हाळ्याचे दिवस, पहिल्यांदा सगळ्यांना बरं वाटलं. मग एकेक बाई उठून मागच्या बाभळीकडे पळायला लागली. मुकादम कावला. "पानी प्यायला येता का कामाला? हळद निवडायची हाय, हिर उपसायची न्हाई!" तो जवळ आला नेमका सव्वीस झाल्यावर. पाळी आक्काची होती. तिने त्याच्या तोंडासमोर टाळी वाजवली आणि म्हणाली, "मुकादम, डास हुता."

सत्तावीस आणि अठ्ठावीस हा या खेळातला खड्डा. सत्ताविसात सात आहे, अठ्ठावीस पाढ्यातला आहे. लागोपाठ दोन टाळ्या, आणि दोन्ही वेळा खेळ उलटा फिरतो. तिथेच सगळ्या पडायच्या. आक्काही पडायची. पोट तट्ट फुगेपर्यंत पाणी प्याली, पण सोडलं नाही. घरी येताना रस्त्याने चालत तेच. "सव्वीस," ती म्हणायची आणि माझ्याकडे बघायची. मी टाळी वाजवायची, ती वाजवायची, मग मी एकोणतीस म्हणायची. समोरून येणारी माणसं आम्हाला हसायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, तिला काही नाही. हंगाम संपत आला तोवर तिला कुणी चुकवू शकत नव्हतं.

मग एका रविवारी तिने पदर कमरेला खोचला, स्वतःचा पितळी पेला घेतला आणि घोंगड्यावर सुतार आणि माझ्या मालकांच्या मधे जाऊन बसली.

सुतार सरकला. "वैनी, ह्ये बायकांचं काम न्हवं."

"व्हय. उलटी काडायचं काम बायकांचं. त्ये रोज करतोय की."

हवालदार म्हणाला, "ऊठ. लोक बघत्यात."

"बघू द्या. बाईनं बसू ने असा रूल हाय का? तुमीच सांगा, हवालदार."

 मला वाटतं, लग्न झाल्यापासून तिने त्याला हवालदार म्हणून पहिल्यांदाच हाक मारली असेल. माझे मालक हसून म्हणाले, "बसू द्या की, एका डावात पडंल." तिच्या पेल्यात बोटभर रम घातली. ती म्हणाली, "भरा. तुमच्यायेवढा भरा."

मी माझ्या उंबऱ्यात उभी होते. सुतार चौदावर गेला. माझे मालक सत्तावीसला. मग दोघं नवराबायकोच उरली, समोरासमोर, आकडे पळवत. पस्तीसला दोघांपैकी तिची टाळी वाजली. सदतीसला तिचीच. बेचाळीसला हवालदाराच्या तोंडून "बे" एवढं निघालं आणि त्याने जीभ चावली.

"पी हवालदार!" सुतार ओरडला. हवालदाराने पेला रिकामा केला. तो हसत होता, बायकोचं कौतुकही असावं त्यात. "सांग आता, काय हुकूम?"

आक्का म्हणाली, "बर्फातला रूल. जो चुकंल त्याचा पेला दुसऱ्याला. आन् दुसरा म्हंजे त्याची बायकू. तिनं हितं येऊन प्यायाचा, एका दमात."

आधी सगळे हसले. मग माझ्या मालकांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू थांबलं. सुतार टोपी चाचपत म्हणाला, "ह्ये काय बराबर न्हाई." पण हवालदार स्वतःच म्हणाला, "हुकूम तो हुकूम. रूल म्हंजे रूल. चला." त्याला वाटलं असावं, न चुकलो की झालं.

पेले पुन्हा भरले. आता कुणी हसत नव्हतं. आकडे हळूहळू येत होते. चौदा पार पडला, सतरा पार पडला. चोवीस, पंचवीस, सव्वीस. पाळी हवालदारावर आली आणि तो म्हणाला, "सत्तावीस."

आक्काने हात लांब करून त्याचा पेला उचलला. त्याने तिचं मनगट धरलं. "आगं, येडी का खुळी? ठेव त्यो."

"हात सोडा. रूल हाय."

त्याने हात सोडला. ती प्याली. एका दमात, ठसका लागला तरी पेला तोंडाचा काढला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पेला उपडा ठेवून म्हणाली, "हं, पुढं. भावजी, तुमचा एक."

माझ्या मालकांनी एक म्हटलं. साताच्या पुढेसुद्धा गेला नाही डाव. सहाच्या नंतर ते टाळी विसरून "सात" म्हणाले. आक्काने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हाक मारली नाही. मी उंबरा उतरले. चार माणसांसमोर मी कधी पाणी मागितलं नव्हतं, आणि घोंगड्याच्या कडेला उभं राहून मी हात पुढे केला. मालकांनी माझ्या हाताकडे पाहिलं, पेला उचलला, आणि पलीकडच्या मातीत ओतून टाकला. चप्पल घालून निघून गेले. त्यांच्यामागे सुतार.

संध्याकाळी आक्का ओकली. भिंतीपलीकडे हवालदार तिचं डोकं धरून बसला होता. "आता बास कर की," तो म्हणाला.

"तुमी बास म्हना. मग मी म्हनते."

एका दिवसात माणूस सुटतो असं तुम्हाला वाटत असेल तर तुमच्या घरात कुणी पिणारं नसावं. हवालदार दुसरीकडे जाऊन बसायला लागला, नदीकडच्या एका गॅरेजमागे. ही पितळी पेला पिशवीत घालून मागे जायची. खेळायची नाही, नुसती त्याच्या शेजारी बसायची. त्याने एक घेतला की ही पेला पुढे करायची. "हुकूम असो नसो. तुमी जेवढं, तेवढं मी."

गावभर झालं, हवालदाराची बायको पिते. वखारीत एकीने तिला माठाला हात लावू दिला नाही. औंधाकडून तिचा भाऊ आला, अंगणात उभा राहून नाही नाही ते बोलला. म्हणाला, "आमाला तोंड दाखवाय जागा ठिवली न्हाईस."

ती भाकरी थापत होती. "पिते म्हनून सांग. कुनापायी पिते तेबी सांग. अर्धं सांगू नगंस."

हवालदार आतल्या खोलीत होता. मेव्हणा गेल्यावर तो बाहेर आला आणि चुलीपुढे बसला. ती वाढत होती, तो जेवत नव्हता. त्या रात्री काय बोलले ते मला माहीत नाही. पण त्यानंतर तो गॅरेजकडे गेला नाही. मधे दोनदा घसरला. दोन्ही वेळा तिने पेला पुढे केला, आणि दुसऱ्या वेळी त्याने तो भरलाच नाही. दिवाळीनंतर तिसऱ्यांदा बोलावणं आलं. सोमवारी पहाटे मला भिंतीपलीकडे बुटांचा आवाज आला. त्याच्या मागे तिची टाळी.

कारखान्यावर तो चार-पाच हंगाम टिकला. मग भावकीतली जमीन वाटून मिळाली आणि दोघं औंधाकडे गेली. माझे मालक? ते पितात अजून, पण कमी, आणि माझ्यासमोर नाही. मी त्यांच्या मागे पेला घेऊन गेले नाही. ती आक्काच होती.

ती गेल्याचं कळलं तेव्हा आठ दिवस होऊन गेले होते. तापाचं निमित्त झालं. आम्ही दोघं एसटीने गेलो. हवालदार दारातच बसला होता, दाढी वाढलेली, सदऱ्याला इस्त्री नाही. त्याच्याजवळ पलटणीतला एक जुना सोबती होता. तो साताऱ्याहून आला होता. मालक आणि मी आत बसलो. थोड्या वेळाने त्या सोबत्याने पिशवीतून बाटली काढली आणि हळूच म्हणाला, "दोन घोट घे गड्या. जीव हलका हुईल."

हवालदाराने बाटली हातात घेतली. बराच वेळ पाहिली. मग सोबत्याच्या पिशवीत परत घातली आणि पिशवीचं तोंड धरून गाठ मारली.

"नगं रं," तो म्हणाला. "मी प्यालो तर तिला कुटनं उठवून आनू?"

मग आमच्याकडे वळून म्हणाला, "च्या करतो." मी उठायला लागले तर हाताने बसा म्हणाला. स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं. पाणी उकळायला लागलं. तो फळीवरचे डबे एकेक उघडून आत बघत होता. डाळ. तिखट. पोहे. साखर कुठे ठेवते ते त्याला माहीत नव्हतं. मी बघू का म्हणाले, तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, सापडंल," आणि पुढचा डबा खाली काढला.