ताईचे उपास

दाजी आजारी पडले तेव्हा ताईने सोमवार धरले. ताई माझी मोठी बहीण, दाजी तिचे यजमान. किडनीच्या दुखण्याने दोन महिने नंदुरबारच्या दवाखान्यात होते. तिथल्या बाकावर बसून ताई राजगिऱ्याचा लाडू मोडायची आणि मोठा तुकडा मला द्यायची. पोळ्याच्या आधी दाजी गेले. सोमवार आता सुटतील असं मला वाटलं होतं. उलट तिने सोमवारांना गुरुवार जोडला, मग शनिवार, शिवाय एकादशी आणि चतुर्थी.

ताई शहाद्याजवळच्या आमच्या गावात अंगणवाडी सेविका. पोरांची वजनं घ्यायची, गरोदर बायकांना पोटभर खा म्हणून बजावायची आणि स्वतः कपभर चहावर राहायची. उपासाच्या सकाळी तिचा चेहरा निवांत असायचा, कधी कधी गुणगुणायचीसुद्धा. दुपार कलली की हात थरथरायचे, आवाज चढायचा. घरी येताना वाटेत दोनदा टेकायची. एकदा सांडलेल्या खिचडीवरून एका चिमुरडीला तिने असं झिडकारलं, की पोरीच्या आधी तीच रडली.

त्याच आठवड्यात ती वजनकाट्याजवळ चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, रक्त फार कमी आहे, उपास बंद करा.

घरी मी ताट वाढलं. तिने सरकवलं.

"आज गुरुवार शे."

"दाजी गयात," मी म्हणाले. "आते कोणासाठी करी ऱ्हायनी?"



"भूक लागनी का मंग ध्यान भूककडेच ऱ्हास," ती म्हणाली. "पोट भरेल ऱ्हायनं का त्याच दिखतस, तुना दाजी."

मग तिने माझ्यासमोर भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली. एकेक घास, डोळ्यांतून पाणी. ओट्यावर शेजारीण आली होती, म्हणून मी उठून दार लोटलं.

आता ती फक्त सोमवार करते. गोळ्या घेते, रक्त वाढलंय, पोरांवर खेकसत नाही. पण अंगणवाडीतून आली, जेवली, की भिंतीकडे तोंड करून पडून राहते. मी बाहेरगावाहून फोन केला की "जेवनू" म्हणते आणि फोन ठेवते. तिला खायला लावलं ते बरोबरच होतं. तरी त्या गुरुवारी मी जे बोलले त्याची माफी अजून मागितलेली नाही.