फळी ठोकलेलं दार

हे मी लिहिणारच नव्हते. व्हर्नाला कळलं तर म्हणेल, "दुसरं काही मिळालं नाही लिहायला?" पण काल तिच्या घरून आले आणि राहवेनाच.

व्हर्ना म्हणजे आमची इथली, मिनेसोटातली शेजारीण. सत्तरीची आहे, पूर्वी शाळेची बस चालवायची. तिच्या स्वयंपाकघराला मागे मोठं काचेचं सरकतं दार आहे आणि दाराबाहेर काहीच नव्हतं, एकदम कमरेएवढं खाली अंगण. नवरा एल्रॉयनं दार बसवलं तेव्हा म्हणाला होता, डेक, म्हणजे बाहेर बसायचा लाकडी ओटा, पुढच्या उन्हाळ्यात बांधतो. तोवर कुणी पडू नये म्हणून दाराला आडवी फळी ठोकली. मला आठवतंय तेव्हापासून ती तिथेच होती. गावात अशी दारं बऱ्याच घरांना आहेत, कुणाला नवल वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात एल्रॉयला अर्धांगवायू झाला. चाकाची खुर्ची आली, आणि पुढच्या दाराला उंच अरुंद पायऱ्या. तो दिवसभर त्या काचेमागे बसून अंगणाकडे बघायचा. व्हर्नानं ठरवलं, परत थंडी पडायच्या आत हा बाहेर बसलाच पाहिजे. आणि डेकच्या खांबांसाठी एकटीच खणायला लागली, तेही छातीएवढे खोल खड्डे, कारण खांब उथळ पुरला तर गोठलेली जमीन त्याला वर ढकलते.

खांब उभे राहिले. अडलं ते तुळईवर. एक टोक चढवलं की दुसरं घसरायचं. पलीकडचा डेल्मर कुंपणापाशी आला.

"हात लावू का गं?"

"नको रे, चाललंय माझं."

"नक्की?"

"तुला तुझी कामं नाहीत का?"

तो गेला.

आता इथे तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय कुणी हो म्हणतच नाही. आपल्या आग्रहासारखंच, फक्त आवाज हळू. डेल्मरला हे ठाऊक नाही असं नाही. पण तो आणि एल्रॉय जन्माचे मासेमारीचे जोडीदार, आणि काचेमागच्या त्या खुर्चीकडे त्याला बघवत नव्हतं. म्हणून रोज यायचा, दोनदा विचारायचा, पळायचा. तुळई गवतातच पडून. ऑगस्ट संपत आला.

मी वैतागले. "सरळ हाक मार ना त्याला!"

"मी? उगाच त्याला कशाला त्रास," व्हर्ना म्हणाली.

मग एका दुपारी डेल्मर असाच पाठ फिरवून निघाला आणि काचेवर टकटक झाली. एल्रॉय होता. डेल्मरला वळून बघावंच लागलं. एल्रॉयनं चांगला हात वर केला आणि तीन बोटं दाखवली.

डेल्मर कुंपणापाशी परत आला. म्हणाला, "व्हर्ना, खरंच हात लावू का?"

"आता आलाच आहेस तर धर ते टोक."

काल डेल्मरनं दाराची फळी उपटली आणि एल्रॉयची खुर्ची बाहेर आली. ऊन होतं, वारा होता. एल्रॉयनं डोळे मिटून घेतले.

"पुढच्या उन्हाळ्यात म्हणाला होतास," व्हर्ना म्हणाली. "कुठल्या, ते विचारायचं राहिलं माझं."

त्यानं डोळे उघडले, डेककडे पाहिलं, शब्द जुळवत म्हणाला, "ती... फळी... वाकडी."

"डेल्मरनं ठोकलीय."

"मग... बरोबर."

डेल्मर हसला आणि पटकन तोंड फिरवून बाहीनं नाक पुसायला लागला.

तुम्हालाही कुणीतरी दोनदा नको म्हणालं असेल. या आठवड्यातच जा त्यांच्याकडे. आणि परत एकदा विचारा.