पहिली चूक वहिनीची

दादाचा हॉस्पिटलमधून फोन आला आणि नेमकी तेव्हाच दारावरची बेल वाजली. फोन कानाला तसाच धरून मी दार उघडलं. दादा एवढंच म्हणाला, "मंदा, झालं गं." दारात वहिनीची एक विद्यार्थिनी उभी होती, काखेत पियानोचं पुस्तक, शेजारी तिची आई. गेले काही दिवस ती आलीच नव्हती, क्लास बंद असल्याचं त्यांना माहीत नव्हतं. मी तशीही कुणाशी फारशी बोलत नाही. कसंबसं सांगितलं, मिस गेल्या. मुलीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "आजच तर मी प्रॅक्टिस करून आले होते!" आईने तिला गप्प केलं. या पोरीने कित्येक महिने पुस्तक उघडलं नव्हतं, वहिनी तिच्यापुढे हात टेकायची. मला वाटलं, हे आधी वहिनीला सांगायला हवं, केवढी हसेल ती... मग लक्षात आलं.

माझी वहिनी, शालिनी, अंबरनाथ पश्चिमेला आमच्या घरी पियानो शिकवायची. लहानपणी शाळेतल्या एका बाईंनी तिला शाळा सुटल्यावर थांबवून घेऊन शिकवलं होतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. माझं लग्न टिकलं नाही तेव्हा दादा मला घरी घेऊन आला, आणि वहिनीने मला पहिल्याच दिवशी विचारलं, "मंदा, तुला आवाजाचा त्रास नाही ना होत?" मी नाही म्हटलं. तेव्हा घरात एक साधा कीबोर्ड होता. पुढे रेल्वे क्वार्टर सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाकडून वहिनीने जुना उभा पियानो घेतला, तेव्हा त्या प्रश्नाचा खरा अर्थ मला कळला.

पियानो वर चढवायला कुळगावचे म्हात्रे सर आले होते. तेव्हा त्यांना कुणी सर म्हणत नव्हतं, लग्नाच्या बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचे. चुलतभावांना घेऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, आपण हळदीचे डबल स्पीकर गच्चीवर चढवलेत. हा काय, कपाट तर आहे." ते कपाट जिन्याच्या वळणावर असं अडकलं की ना वर जाईना ना खाली येईना. वर राहणारी माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन खाली खोळंबली. कुणी वहिनीला बोलू लागलं, कुणी दादाला. वहिनी शांतपणे पायरीवर बसली, पियानोचं झाकण उघडलं आणि वाजवायला लागली. भांडण थांबलं. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "हे राहू दे की मग इथेच." शेवटी जिन्याचा कठडा काढून पियानो घरात आला. घाम पुसत म्हात्रे सर वहिनीला हळूच म्हणाले, "वहिनी, मी पण बदलापूरला चार पोरांना शिकवतो. पण मला स्वतःला कुणी शिकवलेलं नाय. मी शिकवतो ते बरोबर का चूक, सांगणार कोण?"

त्या प्रश्नातून आमच्या घरातली रविवारची मीटिंग सुरू झाली. म्हात्रे सर यायचे, उल्हासनगरच्या लालवानी मॅडम यायच्या, त्यांचं खाली कापडाचं दुकान आणि वर क्लास होता. वहिनी धरून तिघं. वहिनीचं म्हणणं, डॉक्टर एकमेकांना विचारतात, आचारी एकमेकांची आमटी चाखतात, मग आपणच का दार लावून शिकवायचं? प्रत्येकाने सगळ्यांसमोर एक धडा शिकवायचा आणि बाकीच्यांनी नंतर बोलायचं, असं ठरलं. पण शिकवायचं कुणाला? मुलं रविवारी मिळेनात. मी चहा घेऊन बाहेर आले आणि तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

अशी मी नवशिकी झाले. दर रविवारी मला पियानो अजिबात येत नाही असं धरून मला पहिला धडा मिळायचा. एकदा लालवानी मॅडमकडून, एकदा म्हात्रे सरांकडून, एकदा वहिनीकडून, आणि प्रत्येक वेळी पहिलाच. अंगठा म्हणजे एक नंबर, ही पांढरी पट्टी, ही काळी पट्टी, आता पाच बोटांची ही छोटी चाल. धडा संपला की वहिनीचा नियम, आधी विद्यार्थ्याने बोलायचं. मी मान खाली घालून "बरं होतं" म्हणायचे. मॅडम मला अदी म्हणायच्या, सिंधीत बहिणीला म्हणतात तसं. एकदा त्या हट्टालाच पेटल्या. "अदी, बरं होतं नहीं चलेगा. सच बोलो!" मी सच बोलले. म्हटलं, "तुम्ही हात धरता तेव्हा बांगडी टोचते." त्या दिवसापासून मॅडम क्लासात बांगड्या काढून ठेवू लागल्या. म्हात्रे सर जोरात हसले, म्हणून वहिनीने त्यांच्याबद्दलही विचारलं. मी म्हटलं, "सर, तुम्ही एक-दोन-तीन-चार ओरडता तेव्हा वाटतं, मागून नवरदेव येतोय." मॅडम खुर्चीतून पडायच्या बाकी होत्या. पुढच्या वेळी सर इतक्या हळू मोजायला लागले की मलाच मोठ्याने मोजावं लागलं.

घोळ असा झाला की मला येऊ लागलं. तोच तोच धडा इतक्या वेळा मिळाल्यावर दगडालाही आला असता. दुपारी वहिनी पडायची तेव्हा मी पियानो पुसायला घ्यायचे. पट्टी पुसता पुसता दाबली जायची, दाबता दाबता चाल व्हायची. मधला पेडल दाबला की आवाज बारीक होतो, हेही मला समजलं होतं. दोन्ही हात जमू लागले. पण हे कुणाला कळू द्यायचं नाही, असं मी पक्कं ठरवलं. नवशिक्याला येतं हे कळलं तर ते दुसरी नवशिकी आणतील, आणि मी परत चहापुरती उरेन. शाळा सुटल्यापासून मला शेजारी बसून कुणी काही शिकवलं नव्हतं. आठवड्यातून एकदा का होईना, तीन माणसं माझ्या बोटांकडे बघत होती. ते मला सोडायचं नव्हतं.

म्हणून मी दर रविवारी नीट विचार करून चुकायचे. म्हात्रे सरांना काहीतरी खटकायचं. एकदा डोकं खाजवत म्हणाले, "ताई, तुम्ही चूक पण तालात करता." वहिनी खिडकीबाहेर बघत राहिली. संध्याकाळी भाजी निवडताना मात्र म्हणाली, "मंदा, हल्ली आपला पियानो फार स्वच्छ असतो नाही? धूळ बसायला वेळच मिळत नाही त्याला." मी मेथीत तोंड खुपसलं.

वर्षातून एकदा समाजमंदिराच्या हॉलमध्ये, म्हात्रे सरांच्या कीबोर्डवर, तिन्ही गावच्या मुलांचा कार्यक्रम व्हायचा. मुलं नटून यायची, आयांचे मोबाइल वर, आजोबा पहिल्या रांगेत झोपलेले. पहिल्या वर्षी एक मुलगी मध्येच चुकली आणि रडत खाली उतरली, ती पुन्हा क्लासला आलीच नाही. ते वहिनीच्या मनाला फार लागलं. पुढच्या वर्षीपासून तिने वेगळीच रीत पाडली. मुलांच्या आधी ती स्वतः वाजवायला बसायची. तीच पाच बोटांची चाल. मध्ये मुद्दाम चांगली ठळक चूक करायची, मुलांकडे बघून हसायची आणि पुढे वाजवत राहायची. मग उठून सांगायची, "पहिली चूक माझी झाली. आता पहिली कुणाचीच होणार नाही. या एकेक." मुलं टाळ्या वाजवायची. नंतर कुणी चुकलं तरी थांबत नसे. मॅडमनी आणि सरांनीही ही रीत आपापल्या क्लासात नेली.

या वर्षी वहिनीला धाप लागायची. कार्यक्रमाच्या सकाळी जिना उतरतानाच ती दोनदा बसली. हॉलमध्ये पोचल्यावर म्हणाली, "माझ्याने नाही होणार. मंदा, तू बस." मी हात जोडले. मला चार माणसांत नाव सांगवत नाही, तिथे वाजवणार काय? मॅडम म्हणाल्या, "अदी, गलतीच तर करायची आहे! तुमसे अच्छी गलती कौन करेगा?" म्हात्रे सरांनी तोवर माइकवर माझं नाव घेऊनही टाकलं होतं.

कशी गेले, कशी बसले, आठवत नाही. समोर ती माणसं, स्टेजच्या कडेला घाबरून बसलेली मुलं. मी अंगठा ठेवला. आणि भीतीने माझं डोकं असं रिकामं झालं की चुकायचं विसरूनच गेले. बोटांना जे येत होतं ते त्यांनी वाजवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोन्ही हातांनी, एकही चूक नाही. वाजवून झालं. मुलं टाळ्या वाजवेनात, ती चुकीची वाट बघत होती. मागून मॅडमचा आवाज आला, "हाय राम, ये तो सीख गयी!" मी वहिनीकडे पाहिलं. ती तोंडाला पदर लावून हसत होती, खोकत होती, पुन्हा हसत होती. शेवटी म्हात्रे सर धावत स्टेजवर आले, उभ्यानेच दोन-चार वाकड्यातिकड्या पट्ट्या दाबल्या आणि म्हणाले, "ही घ्या, पहिली चूक माझी!" तेव्हा कुठे कार्यक्रम सुरू झाला.

परत येताना रिक्षात मला रडू आवरेना. वहिनी म्हणाली, "अगं वेडे, इतकं छान वाजवलंस, रडतेस कशाला?" मी म्हटलं, "आता मला काढाल ना तुम्ही?" ती म्हणाली, "काढायलाच हवं. येणाऱ्या बाईला किती दिवस नवशिकी म्हणून बसवायचं?" मी विचारलं, "मग मी बसू कुठे?" रिक्षा पुलावरून चालली होती, तिला बोलताना धाप लागत होती. "बघू," म्हणाली, "रविवारी ठरवू." तो रविवार हॉस्पिटलात गेला, त्याच्यानंतरचाही. मग दादाचा फोन आला.

जलदानाचा विधी झाला, पाहुणे गेले. पुढच्या रविवारी नेहमीच्या वेळी मॅडम आणि सर दारात उभे. मीटिंग करायची की नुसतं बसायचं, कुणालाच कळेना. मी चहा आणला. चहा संपला. पियानोकडे कुणी बघत नव्हतं. शेवटी म्हात्रे सर म्हणाले, "नवशिकं कुणी नाय आपल्याकडे. शिकवायचं कुणाला?"

दादा आतल्या खोलीच्या दारात उभा होता. इतकी वर्षं या मीटिंगला तो पेपर घेऊन गच्चीत जायचा. आज गेला नव्हता. म्हणाला, "मला काहीच येत नाही."

मॅडमनी डोळे पुसले आणि एकदम क्लासातला आवाज काढला. "अच्छा दादा, बैठो. आणि शिकवणार अदी." वहिनी ज्या खुर्चीवर बसून शिकवायची ती त्यांनी माझ्याकडे सरकवली. मी नको म्हणायला तोंड उघडलं, पण दादा बसलासुद्धा होता. वहिनी बुटकी, तिने पियानोचं स्टूल फिरवून फिरवून वर चढवून ठेवलेलं. उंच दादा त्याच्यावर बसला आणि त्याचे गुडघे खाड्कन पियानोला आपटले. पियानो आतून घुमला. "स्टूल खाली घेऊ का?" सरांनी विचारलं. "राहू दे," दादा म्हणाला आणि गुडघे बाजूला फाकवून, घोड्यावर बसल्यासारखा बसला. मॅडमना हसू आलं, मलाही आलं.

मी खुर्चीवर बसले. सगळे माझ्या बोलण्याची वाट बघत होते. जन्मात मी दादाला काही सांगितलेलं नाही, तो सांगेल ते ऐकलं. म्हटलं, "दादा, अंगठा." त्याने मुकाट्याने अंगठा पट्टीवर ठेवला. "दाब." त्याने दाबला. शेजारचीही पट्टी दाबली गेली. त्याने दचकून माझ्याकडे पाहिलं. "चालेल," मी म्हटलं, "पुढचं बोट."

तो खाली वाकून एकेक बोट टेकवत गेला. पाचव्या बोटापर्यंत पोचला तेव्हा कपाळावर घाम आला होता. मान वर न करता त्याने विचारलं, "आणि हा दुसरा हात कुठे ठेवू?"

तो हात त्याने बसल्यापासून स्टुलाच्या कडेला घट्ट धरला होता.

"तो राहू दे," मी म्हटलं, "सध्या तिथेच."