निकाळजे साहेबांचा एचडी रेकॉर्डर

येरवड्यात आमचं डिश आणि सेट-टॉप बॉक्सचं दुकान आहे. हल्ली जो तो मोबाईलवर बघतो, त्यामुळे गिऱ्हाईक रोडावलंय. पण जे येतं ते बॉक्स नेवो न नेवो, एखादा किस्सा मात्र ठेवून जातं! संध्याकाळी शटर ओढताना मी आणि आमचे फिटर सलीमभाई, दिवसभरात कोण काय बोललं याचीच उजळणी करतो. सलीमभाईंची तिसरी पिढी पुण्यात. माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात आणि माझ्यापेक्षा कमी बोलतात.

या दिवाळीच्या आसपासचे किस्से मात्र सगळे एकाच माणसासमोर घडले. आमच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून निकाळजे साहेब एचडी रेकॉर्डर निवडत होते, तेव्हाची गोष्ट.

*

निकाळजे साहेब जिल्हा परिषदेतून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. त्यांच्या मिसेस, म्हणजे बाई, शाळेत मुख्याध्यापिका होत्या. पहिल्या दिवशी दोघं आले, बाईंनी साहेबांचा दंड धरलेला.

"एचडी रेकॉर्डर दाखवा. टीव्हीवरचं साठवून ठेवणारा," साहेब म्हणाले.

मला काय, उत्साह! डेमोचा टीव्ही लावला, क्रिकेटचं मैदान आणलं आणि सुरू झाले. "बघा साहेब, काय क्लॅरिटी आहे! गवताचं पातं न् पातं दिसतंय."

"मला नाही दिसत," साहेब शांतपणे म्हणाले. "तुम्हाला दिसतंय ना? मग चांगला असेल."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला! मग बाईंनी सांगितलं. उजवा डोळा पूर्वीच गेलेला. आता डाव्याच्या पडद्याला भोक पडलेलं. ऑपरेशन ठरलं होतं. त्यात डोळ्यात गॅस भरणार, आणि त्यानंतर काही आठवडे मान खाली घालून, पालथंच पडून राहायचं. दिसेल की नाही, याची खात्री डॉक्टर देत नव्हते.

"आणि नेमकी तेव्हाच ऑस्ट्रेलियातली कसोटी मालिका आहे," साहेब म्हणाले. डोळ्यापेक्षा त्यांना याचाच राग जास्त आलेला दिसला.

सगळी मालिका रेकॉर्ड करायची आणि डोळा बरा झाला की पहिल्या चेंडूपासून बघायची, असा त्यांचा बेत होता.

*

साहेबांना घाई कशाचीच नाही. आयुष्यभर फायली वाचलेल्या, त्यामुळे एकेका बॉक्सची चौकशी लावली. दर दोन-तीन दिवसांनी येऊन बसायचे. बाई भाजी घेऊन येईपर्यंत मुक्काम आमच्याकडे.

एकदा हडपसरहून आयटीतला एक मुलगा आला. आमच्याकडूनच रेकॉर्डर नेला होता त्याने. आल्या आल्या तडकला.

"मॅम, धिस इज नॉट डन! माझ्या वरच्या फ्लॅटमध्ये विकेट आधी पडते!"

"म्हणजे?"

"म्हणजे बोलर अजून रनअपवर असतो आणि वरचे काका ओरडतात, आउट! आणि खरंच आउट होतो! एव्हरी टाइम! त्यांच्याकडे कोणतं मॉडेल आहे? मला तेच पाहिजे."

सलीमभाईंनी विचारलं, "मध्ये कधी पॉजचं बटण दाबलं होतंत का?"

"हो, अर्धा मिनिट. रोज मॅच सुरू झाली की पिझ्झावाला येतो."

"मग तेव्हापासून तुम्ही तेवढंच मागे आहात. पॉज काढलं की जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू होतं. 'लाइव्ह'चं बटण दाबा."

स्टुलावरून साहेबांनी विचारलं, "आपण इंजिनिअर का?"

"सीनिअर इंजिनिअर."

"तरीच," साहेब म्हणाले.

*

दुसरे मंडईतले टोमॅटोचे व्यापारी, शेठ. पहाटे गाळ्यावर जायचं म्हणून संध्याकाळीच झोपतात, त्यामुळे बातम्या बघायला मिळत नाहीत. म्हणून त्यांना आम्ही रेकॉर्डर बसवून दिला. रात्रीच्या बातम्या रेकॉर्ड करायच्या, दुपारी घरी आलं की बघायच्या. साधी गोष्ट.

आठवड्याने शेठ आले. "ताई, पेटी बिघडली. आठवडाभर त्याच बातम्या दाखवतीये!"

सलीमभाई जाऊन बघून आले. पेटी ठणठणीत होती. शेठ रोज वरचं पहिलं रेकॉर्डिंग लावत होते आणि ते पहिल्याच दिवशीचं होतं.

"अहो शेठ, पण आठवडाभर कळलं कसं नाही तुम्हाला?" मी विचारलं.

"कसं कळणार? रोज तेच पुढारी, तेच भांडण! पाऊस पडणार म्हणून सांगितला आणि पडला नाही, तेव्हा शंका आली."

"त्यावरून तरी शंका यायचं कारण नव्हतं," साहेब म्हणाले.

*

मांजरीकडच्या एक आजी आल्या. नऊवारी, हातात मोठी पिशवी, सुनेवर भयंकर चिडलेल्या.

"मला येगळी पेटी द्या. माझ्या मालिका सून पुसून टाकती."

"आजी, घरात टीव्ही किती आहेत?"

"एकच हाय."

"मग दुसऱ्या पेटीने काय होणार? रिमोट कुणाकडे असतो?"

"रिमोट माझ्याकडंच हाय की! उशाखाली घेऊन झोपते."

"मग सून कशी पुसते?"

"त्या रिमोटमधलं मला काय कळतंय? तीच येऊन दाबून देती."

साहेब त्या दिवशी खूप हसले. हसता हसता डोळ्याला पाणी आलं, तर बाईंनी लगेच रुमाल पुढे केला आणि दम भरला, "चोळू नका!"

*

एका दुपारी बाई एकट्याच आल्या. साहेब झोपले होते म्हणे. स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, एक काम करा. यांना सांगा, एचडीचा स्टॉक संपला. साधा बॉक्स द्या."

मला वाटलं, किमतीचं काहीतरी असेल. म्हटलं, सवलत चालू आहे.

"ते नाही हो." बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "साधा असला तर आवाज ऐकायला घेतला म्हणता येईल. पण एचडी घेतला आणि यांना दिसलंच नाही तर? तो काळा डबा समोर बसून राहणार. रोज त्याच्यावरची धूळ पुसायची मी. माझ्याच्यानं नाही व्हायचं ते. हातसुद्धा नाही लावायची मी त्याला, आत्ताच सांगते."

मुख्याध्यापिका असताना या बाईंनी खडूचा तुकडा खाली पडलेला खपवून घेतला नव्हता. त्यांच्या घरची फरशी बघून चपला गेटबाहेर काढाव्याशा वाटतात. त्या बाई धुळीला घाबरल्या होत्या. मला रडूच आलं आणि मी उगाच बिलबुकं नीट लावत बसले.

*

तरी मी प्रयत्न केला. साहेब आल्यावर म्हटलं, "साहेब, एचडीला जागा फार लागते. या बॉक्समध्ये एचडीत जेमतेम दोन कसोट्या मावतील. साध्यात अख्खी मालिका मावते. साधाच घ्या."

बाई माझ्याकडे बघत होत्या. साहेबांना ते दिसलं नसेल, पण माझ्या आवाजावरून कळलं असावं. आपल्या साहेबांच्या कानांना काही झालेलं नाही!

"सलीमभाई," साहेब म्हणाले, "जागा वाढवता येत नाही का?"

सलीमभाईंना खोटं बोलता येत नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाईंकडे. "येते. मागे वेगळी हार्ड डिस्क जोडता येते."

"मग जोडा."

"अहो, पण कशाला एवढं?" बाई न राहवून म्हणाल्या. "साध्यानंही भागेल की!"

साहेब त्यांच्याकडे वळले. नजर जरा चुकलीच, बाईंच्या खांद्यावर गेली. "चष्म्याच्या दुकानात जाऊन कुणी काठी मागतं का गं?"

मी एचडीचं बिल केलं.

*

ऑपरेशन झालं. साहेब पालथे पडले. मॅच रेकॉर्ड होतायत ना, ते बघायला सलीमभाई अधूनमधून जायचे. निकाल साहेबांना कळू द्यायचा नाही, असा बिल्डिंगभर हुकूम निघाला. दारावर बाईंच्या वळणदार अक्षरात पाटी लागली:

"सामन्याचा निकाल सांगणाऱ्यास चहा मिळणार नाही. न सांगणाऱ्यास मिळेलच असे नाही."

लोकांनी पाळलं हो! खालच्या मजल्यावरची पोरं विकेट पडली की तोंडावर उशी दाबून ओरडायची. इस्त्रीवाला बोलायची भीती नको म्हणून कपडे दाराला अडकवून पळायचा.

एक दिवस साहेबांचा फोन आला. गादीत तोंड खुपसलेला आवाज. "वहिनी, आपण दुसरी कसोटी हरलो."

"अग्गबाई! कोण बोललं?"

"कुणीच नाही. दोन दिवस कुणी काहीच बोलत नाहीये."

*

मालिका संपली. डोळ्यात भरलेला गॅस विरला. डॉक्टर म्हणाले, आता मान वर करा, टीव्ही लावा, हळूहळू काय ते समजेल. साहेबांनी आम्हाला दोघांना बोलावून घेतलं. "बॉक्स तुमचा आहे. पहिला चेंडू तुमच्यासमोर."

गेलो. घर नेहमीसारखं लखलखीत होतं. साहेबांना खुर्चीत बसवलं, टीव्ही समोर पाच-सहा हातांवर. बाईंनी सगळ्यांसाठी चहा ठेवला आणि स्वयंपाकघरातून बाहेरच येईनात. चहा उकळून उकळून काढा झाला असेल, पण आत जाऊन सांगायची माझी हिंमत झाली नाही.

सलीमभाईंनी पहिलं रेकॉर्डिंग लावलं. मैदान आलं, टॉस झाला, फिल्डर पांगले. साहेब समोर बघत होते. चेहऱ्यावरून काही कळेना. मी देवाचं नाव घेतलं. सलीमभाईंचेही ओठ हलत होते. बोलर पळत आला.

"थांबवा," साहेब म्हणाले.

सलीमभाईंनी पॉज केलं. आत गॅस बंद झाल्याचा आवाज आला आणि बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, चौकटीला धरून.

साहेब थोडे पुढे वाकले. टीव्हीकडे नाही, त्याच्या खाली.

"अगं," ते म्हणाले, "या बॉक्सवर धूळ किती साचलीये!"

बाई एकदम पदर हातात घेऊन पुढे धावल्या, डोळ्यांतलं पाणीही न पुसता, आणि बॉक्स पुसायला वाकल्या.

"राहू दे गं," साहेब म्हणाले. "बघू दे जरा."