खालच्या आळीतलं शून्य

कोतवाल राधाकिशनला कागदावरचा रिकामा रकाना बघवायचा नाही. हिवरटाकळीत तलाठी आले नि गेले, पण कुणाची म्हातारी अंथरुणाला खिळलीय, कुणाची लेक बाळंतपणाला आलीय, हे विचारायचं तर कोतवालालाच. सत्तावीस वर्षं हा गडी सायकलवर गाव फिरला. दवंडी दिली, नोटिसा वाटल्या, साहेबांच्या मागं टेप धरून शेतं मोजली. कोतवाल म्हणजे महसूल खात्यातली सगळ्यात खालची पायरी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी "माझ्या यादीत एक चूक दाखवा," असं तो चारचौघांत मिशीवर हात फिरवत म्हणायचा. लई घमेंड होती बघा त्याला त्या यादीची.

तीच यादी त्याच्या मानगुटीवर बसली.

जानेवारीत पुराच्या आराखड्यासाठी फॉर्म आले. घर कुणाचं, घरात माणसं किती, उचलून न्यावी लागतील अशी किती. गाव उंचावर, त्याला भीती नव्हती. भीती खालच्या आळीला. सिंदफणा नदीच्या काठाशी ऊसतोड्यांची चौदा घरं. राधाकिशन तिथं गेला तर चौदाही दारांना कुलपं. सगळी आळी कोयते घेऊन कारखान्यांवर गेलेली. रकाना रिकामा सोडायला तर याचा जीव होईना. मग काय! चौदा वेळा शून्य लिहिलं, खाली झोकात सही ठोकली आणि सायकलवर टांग मारून घरी जेवायला गेला. हे शून्य कुठल्या महिन्याचं, असं फॉर्ममध्ये विचारलंच नव्हतं.

घटस्थापनेच्या आधल्या दिवशी राधाकिशन दुसरेच काही कागद पोचवायला तालुक्याला आला. पाऊस तीन दिवस थांबला नव्हता. तो कचेरीत पोचतो न पोचतो तोच त्याच्या मागं पूल पाण्याखाली गेला. सकाळपासून गावाकडचे फोन लागत नव्हते, टॉवर बंद. कचेरीत माणसं कमी, म्हणून त्याला फोन घ्यायला बसवलं. बसला बिचारा. उठून जाणार तरी कुठं?

समोर पडद्यावर सगळ्या गावांची यादी होती. बोटी दोनच, त्यातली एक धरणात मासे धरणाऱ्या चाँदची. नायब तहसीलदार धनश्री मॅडम दोन दिवस घरी गेल्या नव्हत्या. जिथं माणसं जास्त तिथं बोट आधी, असा त्यांचा हिशेब. राधाकिशन आपलं गाव शोधू लागला. आपली यादी आज माणसं वाचवणार म्हणून त्याला बरंसुद्धा वाटत होतं. मग ती ओळ आली. हिवरटाकळी, खालची आळी, शून्य. बोटीची गरज नाही.

त्यानं ती ओळ पुन्हा वाचली.

"मॅडम," तो उठून म्हणाला, "ते शून्य खोटं हाय. आळीत माणसं हायती."

"सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग तेव्हा खोटं लिहिलंत, का आता खोटं बोलताय?"

त्यानं जानेवारीचं, कुलपांचं, ऊसतोडीचं सगळं सांगितलं. तोडीला न्यायला मुकादमाचा ट्रक दसऱ्यानंतर येतो, आज सगळी घरं भरलेली. मॅडमनी ऐकून घेतलं. बाई वाईट नव्हती हो. पण तिच्यापुढं मळ्यात अडकलेल्या तीस माणसांचा पक्का निरोप होता, आणि इथं नुसतं एका कोतवालाचं तोंड.

"पाणी बघून ते वर गावात गेले असतील तर? बोट रिकामी परत आली तर मी त्या तीस जणांना काय सांगू?"

"न्हाई गेले मॅडम. काल सांजच्याला मी सांगाया गेलतो. म्हणाले, तुमी दरसाली असंच भ्या घालता. कुणी हललं न्हाई."

"नावं द्या. घरटी. आणि खाली सही करा."

राधाकिशननं कोरा कागद ओढला. पेन हातात घेतलं. सही पहिल्यांदा केली तेव्हा हा हात केवढा हलका होता! त्यानं डोळे मिटले आणि लिंबाच्या झाडापासून आळीत शिरला. पहिलं घर, सहा माणसं. दुसरं, चार. म्हाताऱ्या बायनाबाईच्या घरी तिला धरून पाच. चौदाव्या घराशी पोचला तेव्हा एक्कावन्न झाले. मॅडमनी कागद वाचला आणि फोन उचलला. मळ्यासाठी दुसरी बोट वळवली. चाँद आपली बोट घेऊन हिवरटाकळीला निघाला.

पुढचे तीन तास कसे गेले ते त्यालाच माहीत. चाँदचाही फोन लागेना. राधाकिशन दुसऱ्यांचे फोन घ्यायचा, गावाचं नाव लिहायचा, ठेवायचा. दारापर्यंत जायचा, परत खुर्चीवर यायचा. कुणी चहा दिला तो तसाच गार झाला. माणसं तिकडं पाण्यात, आणि हा इथं आपल्याच सहीत अडकलेला.

चार वाजता आळीतल्या माणसांना घेऊन टेम्पो मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या शेडपाशी आले. मॅडमच्या मागोमाग राधाकिशन पळत सुटला. एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत मोजत राहिला. पाणी चढल्यावर आळीतल्या शाळेच्या छतावर जाऊन बसलेली ती सगळी थंडीनं कुडकुडत होती. एक्कावन्न! त्यानं पुन्हा मोजलं. एक्कावन्नच! मग मात्र तो धान्याच्या पोत्यावर बसला आणि लहान पोरागत रडला.

शेवटी उतरलेली बायनाबाई त्याच्याशेजारी टेकली.

"मावशे, माझ्यापायी अडकलात गं," तो म्हणाला. "जानेवारीत दारांना कुलपं बघितली नि शून्य लिवलं. पर त्या दिशी ते खरं व्हतं. तुमच्यापैकी कुणीच न्हवतं."

"कुणीच कसं न्हवतं रं?" म्हातारी पदर पिळत म्हणाली. "म्या आतच व्हते की. लेक-सून जाताना बाहेरनं कुलूप घालत्यात, म्हातारी एकटी हाय हे कुणाला कळू नये म्हून. मी मागल्या दारानं येते-जाते. तुझ्या सायकलीची घंटी ऐकली म्या. ताप व्हता, उठता येईना. दोन हाका मारल्या. तवर तू गेलतास."

तेवढ्यात मॅडम यादी घेऊन आल्या.

"कोतवाल, आजची नोंद केली. जानेवारीची तशीच ठेवते. त्या वेळी खरी होती म्हणालात ना?"

"न्हाई मॅडम. बायनाबाईच्या घरापुढं एक लिवा."

"आणि बाकीची तेरा घरं?"

राधाकिशननं मान खाली घातली.

"त्यांचं मला माहीत न्हाई," तो म्हणाला. "मी हाक मारलीच न्हाई."