नसीमचा धोटा

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की आता नसीमची वाट कोण बघणार...

सुमन शेलार गावची. भिवंडीतल्या आमच्या शाळेत ती इतिहास शिकवायची, मी मराठी. ती पुस्तकं मिटायला लावायची आणि एखादी जुनी वस्तू बाकांवरून फिरवायची. "माहीत काय आहे ते नंतर. आधी दिसतं काय ते सांगा," हा तिचा नियम. एकदा अंजूरहून भात मोजायची जुनी पायली आणली, तर मागून आवाज आला, "बाई, आमच्या घरात हाय अशी." बाईसाहेब दिवसभर हवेत. मी चिडवायची, "शिकवतेस की भंगार गोळा करतेस?" ती म्हणायची, "तुझ्या व्याकरणापेक्षा बरं."

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात दंगलीत गाव पेटलं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पोरं गप्प होती. तो विषय वर्गात नको, असं मुख्याध्यापकांनी बजावलं. सुमनला पटेना. "डोळ्यांनी बघितलंय त्यांनी. मी काय ताम्रपट शिकवत बसू?" नारपोलीतल्या एका जळक्या कारखान्याबाहेरच्या ढिगातून तिने धोटा उचलून आणला. लूमवर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा, टोकदार लाकडी. एका अंगाने कोळसा झालेला. मी शेजारच्या वर्गात होते. तिच्या वर्गातला आवाजच बंद झाला, म्हणून दारात जाऊन उभी राहिले.

धोटा नसीमच्या हातात होता. घरी हिंदी, शाळेत मराठी बोलणारी चुणचुणीत पोर. "काय दिसतं?" सुमनने विचारलं. नसीमने बोटाने काजळी पुसली.

"फुली आहे बाई. अब्बा करतात... आपल्या धोट्यावर."

तिचे अब्बा त्या दिवसांत लूमवर ड्युटीला गेले ते परतलेच नव्हते. घरचे अजून वाट बघत होते.

सुमन तिच्या बाकाशी येऊन वाकली. म्हणाली, "तुझा आहे बाळा. घरी ने." नसीमने मान हलवली. "घर पे नहीं, बाई. अम्मी देखेगी तो समझ जायेगी. तुमच्याकडे ठेवा. मोठी झाले की नेईन."

पुढे ते कुटुंब गावी निघून गेलं. कुठल्या, ते कुणालाच धड सांगता आलं नाही. सुमन वस्तू आणत राहिली, पण फिरवण्याआधी विचारायची, "ही कुणाच्या ओळखीची आहे का?" मुलांना ते विचित्र वाटायचं. मला नाही वाटलं. घरी तिने धोटा दाराजवळच्या फळीवर ठेवला, आणि बदलीची संधी आली तेव्हा सरळ नाही म्हणाली. "ती इथेच शोधायला येईल ना," म्हणायची. मला तिचा राग यायचा. एका पोरीच्या शब्दावर कुणी इतकं आयुष्य अडकवून ठेवतं का?

आजारपणात शेवटची भेटले तेव्हा तिला धाप लागली होती. "आली तर... कुठे होतीस म्हणून विचारू नकोस. नुसता दे."

त्या उन्हाळ्याला पंधरा वर्षं झाली; नसीमने आता पंचविशी ओलांडली असेल. धोटा माझ्याकडे आणलाय, दाराजवळच ठेवलाय. परवा कडी वाजली. उघडलं तर दूधवाला. तो माझ्या हाताकडे बघत राहिला, तेव्हा कळलं की दार उघडताना मी धोटा उचलून घेतला होता.