समुद्र दिसणारं कार्ड

पावाच्या भट्टीवर काम करणाऱ्या माणसाची दुपार ही चारचौघांसारखी नसते. सगळं गाव कुशीवर वळून पुन्हा झोपी जातं तेव्हा तो कणीक मळायला उभा राहतो, आणि बाकीचे जेवायला उठतात तेव्हा त्याचा दिवस उतरणीला लागलेला असतो. या भट्टीवाल्याचंही तसंच होतं. भुवयांत मैदा, बाह्यांना यीस्टचा आंबूस वास, अशा अवतारात तो घरी यायचा, जेवायचा, आणि मग झोप आणि जाग यांच्या मधल्या कुठल्यातरी मऊ पट्ट्यात संध्याकाळपर्यंत रेंगाळत राहायचा. काही विचारलं तर "हं" म्हणायचा. तो "हं" होकार होता की नकार, हे बायकोलाही इतक्या वर्षांत नीट कळलं नव्हतं.

"अहो, तुम्ही घरी येता की नुसते कपडे येतात तुमचे?" ती विचारायची.

"हं," तो म्हणायचा.

रविवारी मात्र तो जागा असे. रविवारी भट्टी बंद. जेवण झालं की तो लेकीच्या खोलीत जाऊन तिच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसायचा. लेक नोकरीसाठी दूर गेली तेव्हा हे धूड मागे ठेवून गेली होती. काळी उभी पेटी, एका अंगाला काच, आत निळा दिवा. कॉलेजात असताना तिने हट्टाने गेम खेळण्यासाठी घेतलेली. जाण्याआधी तिने बापाला एकच गेम शिकवला होता, आणि शिकवताना दहा वेळा म्हणाली होती, "बाबा, माऊसला कणकेसारखं दाबू नकोस रे!"

त्या गेममध्ये कुणाला मारायचं नव्हतं, जिंकायचंही नव्हतं. एक मोठं बेट होतं. त्यावर हिंडायचं, ओढ्यावर लाकडी पूल बांधायचा, झाडं लावायची, दमलं की बसायचं. आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या गावातलं माणूसही तिथे येऊन तुमच्याबरोबर चालू शकायचं. भट्टीवाल्याबरोबर त्याची धाकटी बहीण चालायची. लहानपणापासून तिला सगळे चिमणी म्हणत. आता चिमणीचे केस पिकायला लागले होते, आणि मोठ्या आजारपणानंतर तिच्या पायांतलं बळ असं गेलं होतं की चार मजले उतरून रस्त्यावर येणं तिला नको वाटे. भावाच्या गावापासून तिचं गाव एक दिवसाच्या प्रवासावर. त्यामुळे दर रविवारी दुपारी, कानाला हेडफोन लावून, ही दोघं बेटावर भेटायची. खऱ्या आयुष्यात दहा पावलांवर धापा टाकणारी चिमणी तिथे टेकड्या चढायची आणि वरून ओरडायची, "दादा, ये की लवकर! किती रे हळू!"

एका रविवारी गेमची नवी आवृत्ती आली. बेटाची हद्द वाढली होती. दोघं जंगलातून पश्चिमेकडे निघाले. झाडी विरळ झाली, वाट रेताड झाली, आणि मग भट्टीवाल्याच्या पडद्यावर सगळंच संपलं. समोर राखाडी, सपाट, पत्र्यासारखं काहीतरी. वर आभाळ, तेही तसंच. कॉम्प्युटरचा पंखा घरघरू लागला, चित्र अडखळू लागलं.

"संपलं वाटतं बेट," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, काहीतरी असेल पुढे. नुसतं राखाडी आहे गं." त्याचा आवाज इतका पडला की त्यालाच चमत्कारिक वाटलं.

पलीकडे चिमणीने खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "असं कसं? समुद्र आहे की दादा."

"समुद्र?"

"मग! हा एवढा. हिरवट निळा. लाटा येतायत, वाळूवर फेस सोडून जातायत. वर पांढरे पक्षी. आणि लांब एक जहाज आहे, लाल शिडाचं. तुझं यंत्र म्हातारं झालंय, म्हणून दिसत नाही तुला."

तो त्या राखाडीकडे बघत राहिला. त्या दुपारी ती सांगत राहिली आणि तो ऐकत राहिला. पुढच्या रविवारीही तसंच. जहाज जरा जवळ आलं होतं म्हणे. डेकवर कुणीतरी कपडे वाळत घातले होते. भट्टीवर कणीक मळताना त्याच्या डोळ्यांसमोर ते लाल शीड हलू लागलं. एकदा तर पावांचा एक अख्खा घाणा करपला, आणि मालक काही बोलायच्या आत हाच म्हणाला, "समुद्रावर होतो."

लेकीला फोन लावला तेव्हा ती हसली. "बाबा, प्रॉब्लेम ग्राफिक्स कार्डचा आहे. चित्रं काढायचं काम ते करतं. तुझं कार्ड मी बारावीत... जाऊ दे, फार जुनं आहे. कमी ताकद असली की गेम पाणी, धुकं, लांबचं सगळं काढून टाकतो. पण एक ऐक. दुकानातलं सगळ्यात भारी कार्ड उचलून आणू नकोस. प्रोसेसरही जुनाच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कार्डाला काम नेमून देणारा प्रोसेसर. त्याने वेळेवर काम दिलं नाही, तर भारी कार्ड हातावर हात ठेवून बसणार."

हे मात्र त्याला चटकन उमगलं. मालकाने एकदा हौसेने दुप्पट मोठी भट्टी आणली होती, मळायचं यंत्र तेच ठेवून. भट्टी तापून बसायची आणि पाव काही येईनात. "कळलं," तो म्हणाला. "भट्टी वाढवायची, पण मळायच्या यंत्राला झेपेल एवढीच."

"बाबा, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं," लेक म्हणाली, आणि दोघंही हसले.

कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान एका अरुंद गल्लीच्या टोकाला होतं. भिंतीवर वायरींची जाळी, बिस्किटांच्या डब्यांत स्क्रू, आणि दुकानदाराचा एक चष्मा नाकावर, एक कपाळावर.

"पेटी कुठाय?" दुकानदाराने विचारलं.

"घरी."

"म्हणजे पाय घरी ठेवून बूट घ्यायला आलात. घेऊन या."

दुसऱ्या दिवशी भट्टीवाल्याने पेटी गोधडीत गुंडाळली, पावांच्या ढकलगाडीवर ठेवली आणि गल्लीगल्लीतून हळूहळू आणली. दुपारचं ऊन पसरलं होतं. रस्ता निम्मा झोपेत होता. गोधडीतून डोकावणारा काचेचा तुकडा चमकत होता, आणि आपण एखाद्या आजारी माणसाला हवापालटाला नेतोय असं त्याला वाटत राहिलं.

दुकानदाराने काच काढली, आत फुंकर मारली आणि पांढरा ढग उठला. "यात पाव भाजता की काय?"

"माझ्या अंगावरचं उडतं," भट्टीवाला ओशाळून म्हणाला.

ब्रशने सगळं साफ करून दुकानदाराने तीन कार्डं काउंटरवर मांडली. पहिलं विटेएवढं जाड, तीन पंख्यांचं, दिव्यांनी लखलखणारं. भट्टीवाल्याचा हात आपोआप तिकडे गेला.

"ते बघायला छान आहे," दुकानदार म्हणाला. "पण तुमच्या पेटीत मावत नाही, आणि तुमचा पॉवर सप्लाय त्याला पुरणार नाही. चालू केलंत की धाडकन बंद पडेल. हे दुसरं नवं आहे, छोटं, वीज कमी खातं. पण हे बघा..." त्याने मदरबोर्डवरच्या लांब खाचेवर बोट ठेवलं. "ही खाच जुनी. हे कार्ड तिची अर्धीच वाट वापरतं. नव्या मशीनमध्ये चालून जातं, तुमच्याकडे अडेल. शिवाय मेमरी चारच जीबी."

"आणि हे?"

तिसरं कार्ड मधल्या आकाराचं होतं. दोन पंखे, काळं, दिवाबिवा काही नाही. आधीच्या पिढीचं, एकाने वापरून विकलेलं. आठ जीबी मेमरी. सप्लायची एक जास्तीची वायर मोकळी होती, तिच्यावर ते चालणार होतं. हार्ड डिस्कची एक चौकट काढली की आत बसणारही होतं.

"फ्रेम किती मिळतील, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ते लावून दाखवतो," दुकानदार म्हणाला. "सगळे तेच विचारतात."

"मला दुसरंच विचारायचं होतं," भट्टीवाला म्हणाला. "यावर समुद्र दिसेल का?"

दुकानदाराने नाकावरचा चष्मा वर आणि कपाळावरचा खाली केला. गेमचं नाव विचारलं, आपल्या पडद्यावर त्याची माहिती काढून सावकाश वाचली. मग वर बघून अगदी गंभीरपणे म्हणाला, "दिसेल. लाटा मधल्या दर्जावर ठेवा. सगळ्यात वर नेऊ नका, प्रोसेसर रडेल. पण समुद्र दिसेल."

भट्टीवाल्याने तिसरं कार्ड घेतलं. दुकानदाराने ते अर्ध्या तासात बसवलं, एक अवघड गेम तासभर चालवून ते तापतंय का तेही पाहिलं. आणि जुनं कार्ड कागदात गुंडाळून परत देताना म्हणाला, "याने पुष्कळ काम केलंय."

रविवारी जेवणानंतर त्याने खोलीचे पडदे ओढले. दोघं जंगलातून चालत निघाले. आज पानांच्या कडा दिसत होत्या, पानांमधून उन्हाचे कवडसे वाटेवर हलत होते. झाडी विरळ झाली. वाट रेताड झाली. आणि भट्टीवाला थांबला.

समोर पाणी होतं. हिरवट निळं नव्हे. जवळ तपकिरी, मग शिशासारखं, आणि पार टोकाला इतकं फिकट की आभाळ कुठे सुरू होतं ते कळू नये. ते श्वास घेतल्यासारखं वर येत होतं, खाली जात होतं. ओल्या वाळूत आभाळ पडलं होतं. तो किती वेळ तसाच बसून होता, कोण जाणे.

"दादा? आहेस ना?"

"आहे." तो पडद्याच्या आणखी जवळ सरकला. "दिसतोय मला. चिमणे, दिसतोय." मग तो पडद्यावर डावीउजवीकडे फिरला. "पण जहाज कुठाय गं?"

त्याने आणखी एक फेरी मारली.

"लाल शिडाचं? पक्षीही नाहीत. काळे खडक आहेत नुसते."

"दादा," चिमणी हळूच म्हणाली, "माझ्याकडेही राखाडीच दिसतं रे. पहिल्या दिवसापासून. माझा लॅपटॉप तुझ्या पेटीपेक्षा म्हातारा आहे."

त्याने माऊस सोडला.

"तू इतका हिरमुसला होतास. म्हटलं, दोघांनी कशाला तिथे आंधळ्यासारखं उभं राहायचं? एकाला तरी दिसू दे. मग सांगत गेले, सांगत गेले. तू दुकान गाठशील असं कुठे वाटलं होतं मला?"

आणि त्याला एकाएकी ती भिंत आठवली. लहानपणी शाळेच्या वाटेवर एक उंच भिंत होती. तो चिमणीला खांद्यावर घ्यायचा आणि ती पलीकडे डोकावून त्याला सांगायची, काय दिसतंय ते. बाग आहे. घोडे आहेत. एक बाई पायऱ्यांवर केस विंचरतेय. तो खाली भिंतीला नाक लावून सगळं ऐकायचा, खांदे भरून आले तरी तिला उतरवायचा नाही. पुढे कितीतरी वर्षांनी ती भिंत पाडली, तेव्हा तिच्यामागे कोळशाची वखार निघाली. तेव्हाही त्याला राग आला नव्हता. आताही आला नाही. उलट पोटातून हसू फुटलं, आणि ते ऐकून चिमणीही हसू लागली. धाप लागेपर्यंत हसली.

"तुझ्या लॅपटॉपमध्ये नवं कार्ड बसतं का? विचारून येऊ?"

"लॅपटॉपमध्ये कुठलं बसतंय! आणि मला यंत्र नकोय, दादा. आता तू सांग."

"मी?"

"मग कोण? मी इथे आंधळी उभी आहे."

आयुष्यभर "हं" वर भागवलेला माणूस. तो खुर्चीत सावरून बसला. पाण्याकडे बघितलं. "म्हणजे... पाणी आहे," तो म्हणाला.

"अरे वा. आणखी?"

"फुगतंय. कणीक उबेला ठेवली की फुगते ना, तसं. सावकाश. आणि मग मध्येच कुणीतरी मूठ मारल्यासारखं बसतं." त्याने दम घेतला. "फेस पांढरा नाहीये. जरा पिवळट आहे, साईसारखा. वाळूवर येतो, आणि पाणी मागे गेलं तरी तो तिथेच थरथरत राहतो."

"थरथरत," चिमणी पुटपुटली. "थांब, बघू दे मला."

दारात बायको उभी होती. किती वेळ, ते त्याला कळलं नाही. नवऱ्याच्या तोंडून एवढी वाक्यं सलग ऐकून ती हातातली कपड्यांची घडी विसरली होती. ती आत आली, पलंगाच्या कडेवर टेकली आणि डोळे बारीक करून पडद्याकडे बघू लागली.

"अहो, त्या खडकाच्या मागे काय हलतंय?"

"कुठे?"

"वहिनी आली का?" चिमणीचा आवाज आला. "वहिनी, काय हलतंय? सांग ना!"

भट्टीवाल्याने हेडफोनची वायर काढून टाकली, म्हणजे आवाज खोलीभर येईल. मग तो माऊस अलगद धरून, वाळूवर पावलं उमटवत, त्या खडकाकडे चालू लागला.